पूर ओसरल्यावरचे गाणे

२०१८ सालच्या जुलै महिन्यात वसई-विरार परिसर पाण्याखाली गेला तेव्हा आम्ही माणिकपुरात होतो. नालासोपाऱ्याजवळ रूळ बुडालेले, लोकल बंद, वीज नाही आणि तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी. आमच्या पुस्तकांच्या कपाटाचे खालचे दोन कप्पे त्या पाण्यात गेले. यथावकाश पाणी उतरले, ऊन पडले आणि इमारतीच्या गच्चीवर सगळ्यांच्या गाद्या, सतरंज्या, शाळेच्या वह्या आणि आमची उरलीसुरली पुस्तके शेजारी शेजारी वाळत पडली. त्या गच्चीवर वरच्या मजल्यावरील एका महाविद्यालयीन मुलाने आपल्या मोबाइलवर 'यू टू' या आयरिश बँडचे 'ब्यूटिफुल डे' हे गाणे लावले. सुंदर दिवस! चिखलाने माखलेले आम्ही सारे एकमेकांकडे पाहून हसलो. प्रथम वाटले, हा पोरगा चेष्टा करतो आहे. गाणे दुसऱ्यांदा लागले तेव्हा मात्र कोणी हसेना. गाद्या उलटवण्याच्या कामाला त्या ठेक्याची सोबत झाली होती.

त्या दिवशी आम्हांस गाणे आवडले, आणि आवडल्याची थोडी लाजही वाटली. साहित्याचे अध्यापन करणाऱ्या माणसाला उत्साही गाणे आवडल्याची लाज का वाटावी, हा आमच्या आजच्या लेखाचा विषय आहे.

लाजेचे मूळ आमच्या वाङ्मयीन शिक्षणात आहे, असे आम्हांस वाटते. मर्ढेकरांच्या 'काही कविता' (१९४७) नंतर मराठी कवितेने वैफल्याला, तुटलेपणाला, भयाला जी प्रतिष्ठा दिली ती रास्तच होती. त्या आधीच्या गोड गोड गाण्यांना कोणीतरी दार दाखवणे आवश्यक होते. परंतु हळूहळू या प्रतिष्ठेचा संकेत झाला. 'आशावादी' हे विशेषण समीक्षेत सौम्य शिवीप्रमाणे वापरले जाऊ लागले. एखाद्या कवीला आशावादी म्हटले की तो पाठ्यपुस्तकात जाणार आणि संशोधनाच्या विषयांतून बाहेर पडणार, हे ठरलेले. वानगीदाखल मंगेश पाडगावकर घ्या. जगण्यावर प्रेम करा म्हणणारे पाडगावकर घराघरांत गायले गेले. पण १९८० चा साहित्य अकादमी पुरस्कार त्यांना मिळाला तो 'सलाम'साठी, म्हणजे त्यांच्या सर्वांत कडवट संग्रहासाठी. 'सलाम' त्या सन्मानास पात्र होता, याविषयी आमच्या मनात शंका नाही. आम्ही केवळ आपल्या अभिरुचीचा कल दाखवतो आहोत. कडवटपणा आपल्याला आपोआप खोल वाटतो. उमेदीला मात्र खोली सिद्ध करावी लागते.

या कलाला आपल्याकडे जुना आधारही आहे. भर्तृहरीने वैराग्यशतकात आशेला नदी म्हटले आहे: मनोरथांचे तिच्यात पाणी, तृष्णेच्या लाटा, आणि जो ती ओलांडून पलीकडे गेला तोच सुखी. वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला तेव्हा ही नदीही मराठीत आली. दुसऱ्या एका प्रसिद्ध सुभाषितात आशा ही एक विलक्षण बेडी आहे. तिने जखडलेला माणूस धावत सुटतो आणि तिच्यातून सुटलेला जागच्या जागी बसून राहतो. तेव्हा आशा म्हणजे बंधन, निराशेचा अंगीकार म्हणजे शहाणपण, ही समजूत केवळ आधुनिकांची नव्हे.

पण माणिकपुरात राहणाऱ्याच्या कानावर याच मराठीत आणखीही एक गोष्ट पडत असते. येथील सेंट मायकल चर्चमध्ये उपासना मराठीत चालते, आणि त्या मराठीत आशा हा सद्गुण आहे. करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात पौलाने ज्या तीन गोष्टी टिकून राहतात असे म्हटले त्यांत विश्वास आणि प्रीती यांच्यामध्ये आशा आहे. २०२५ हे वर्ष कॅथलिक जगाने जुबिली वर्ष म्हणून पाळले. 'आशेचे यात्रेकरू' हे त्याचे बोधवाक्य होते. ते वर्ष जाहीर करणारे पोप फ्रान्सिस त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये निवर्तले. वर्ष पुढे चालू राहिले. एकाच गल्लीत, एकाच भाषेत, एका घरी आशा ओलांडायची नदी आहे आणि शेजारच्या घरी ती बाळगायची शिदोरी आहे. आम्हांस दोन्ही घरांचा शेजार लाभल्यामुळे हा प्रश्न टाळता येत नाही.

आता गाण्याकडे वळू. 'यू टू' हा बँड १९७६ साली डब्लिनमध्ये शाळकरी मुलांनी सुरू केला. ऐंशीच्या दशकात तो जगातील मोठ्या बँडांपैकी एक झाला. नव्वदच्या दशकात त्याने स्वतःच्याच गंभीरपणाची थट्टा आरंभली. तिचे टोक म्हणजे १९९७ चा 'पॉप' हा अल्बम आणि त्यासोबतचा 'पॉपमार्ट' दौरा. या दौऱ्यात रंगमंचावर एक प्रचंड यांत्रिक लिंबू असे आणि त्यातून गायक-वादक बाहेर येत. ऑस्लो येथील कार्यक्रमात ते लिंबू नीट उघडेना आणि मंडळी आतच अडकून पडली. आमच्याकडे लिंबू दृष्ट काढण्यासाठी वापरतात. येथे लिंबालाच दृष्ट लागली. 'पॉप'कडून असलेल्या अपेक्षा पूर्ण झाल्या नाहीत आणि या बँडचे दिवस सरले, असे पुष्कळांनी ठरवून टाकले.

ऑक्टोबर २००० मध्ये 'ब्यूटिफुल डे' आले. ब्रायन ईनो आणि डॅनियल लान्वा हे जुने सहकारी पुन्हा निर्माते म्हणून सोबत होते. गिटारवादक एज याने आपला ऐंशीच्या दशकातील घणघणता स्वर पुन्हा काढला, तेव्हा आपण आपलीच नक्कल करतो आहोत का, असा वाद बँडमध्येच झाला. गाणे यशस्वी झाले. फेब्रुवारी २००१ मध्ये त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले. पुनरागमनाची ही गोष्ट इतपतच. साहित्याच्या विद्यार्थ्याने पाहावे ते याच्या पुढे आहे.

या गाण्याच्या शीर्षकावरून वाटते की त्यात सुंदर दिवसाचे वर्णन असावे. प्रत्यक्षात कडव्यांतून भेटतो तो एक फसलेला माणूस. शहरात त्याला भाड्याने खोली मिळत नाही. नशीब आटले आहे. वाहतूक तुंबली आहे आणि तो जागचा हलू शकत नाही. ज्या मित्राच्या भरवशावर येथून सुटायचे तो भरवसाही पोकळ ठरल्यासारखा. पुढच्या कडव्यात रस्ता आहे पण मुक्काम नाही, पायांखाली चिखल आहे. वसई रोड स्थानकाबाहेरच्या संध्याकाळचे हे वर्णन आहे, असे कोणी सांगितले असते तर आम्ही विश्वास ठेवला असता. एवढी सगळी खर्चाची बाजू मांडल्यावर ध्रुवपद येते आणि आवाज उंच चढतो.

यात व्याकरणाची एक बारीक गोष्ट आहे. कडव्यांतील हानी द्वितीयपुरुषात सांगितली आहे: तुझे हे गेले, तुझे ते अडले. गाणारा जणू स्वतःकडे बाहेरून पाहतो आहे. ध्रुवपदाच्या पाठोपाठ मात्र 'मी' येतो, आणि तो घोषणा करीत नाही, मागतो. मला स्पर्श कर, मला दुसऱ्या ठिकाणी ने, मला शिकव. मी अगदीच हाताबाहेर गेलेलो नाही, एवढाच त्याचा स्वतःविषयीचा दावा आहे. या गाण्यातील आशा अशी आज्ञार्थी रूपांत आहे, आणि तो आज्ञार्थ हुकमाचा नसून विनंतीचा आहे. गाण्याच्या मध्यभागी दृष्टी एकदम आकाशात जाते, पृथ्वी वरून दिसू लागते, आणि शेवटी एक पक्षी दिसतो: चोचीत पान धरलेला, पुरानंतरचा. हा नोहाच्या गोष्टीतील पक्षी आहे, हे माणिकपुरातील शाळकरी मूलही सांगेल. त्या दिवशी गच्चीवर हे गाणे आम्हांस चेष्टा का वाटेनासे झाले, याचे उत्तर येथे आहे. गाण्याला पूर ठाऊक होता.

पुराचा उल्लेख निघाला की मराठी वाचकाला कुसुमाग्रजांची 'कणा' आठवणारच. ती पाठ नसलेला शिक्षक महाराष्ट्रात विरळा. तिच्यातही आशेचा क्रम हाच आहे. नदी घरात पाहुणी होऊन येऊन गेली. जाताना काय नेले आणि काय मागे ठेवले याचा पूर्ण हिशेब जुना विद्यार्थी सरांसमोर मांडतो, तोही तक्रारीचा सूर न लावता. हिशेब संपल्यावर तो मागतो. पैसा नाकारतो आणि गुरूच्या हाताचा, शब्दाचा आधार मागतो. कुसुमाग्रज त्याच्या तोंडी विजयाचे भाषण घालत नाहीत. कविता मागण्यावर संपते, सरांचे उत्तरही आपल्याला ऐकू येत नाही. डब्लिनचे रॉक गाणे आणि नाशिकच्या कवीची ही कविता यांचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. तरीही दोन्हींची बांधणी सारखी निघावी, यावरून आम्हांस एक निष्कर्ष काढावासा वाटतो.

आमचा निष्कर्ष असा: उमेदीची रचना दोन गोष्टींनी खरी ठरते. तिने हानीचा हिशेब आपल्या पोटात ठेवलेला असावा, आणि तिने आशा मागावी, लादू नये. हिशेब नसेल तर ती जाहिरात होते. मागणे नसेल तर उपदेश होतो. वाचक ज्याला 'बाळबोध आशावाद' म्हणून नाकारतो ते बहुतेक वेळा या दोहोंपैकी एक असते, आणि ते नाकारणे योग्यच आहे. चूक होते ती त्याच झाडूने खऱ्या उमेदीलाही बाहेर लोटण्यात.

हा निकष आम्ही परदेशातून आयात केलेला नाही. मराठीतील सर्वांत मोठा आशावादी मजकूर कोणता, असे विचारले तर आम्ही 'पसायदान' म्हणू. तेही दानच आहे, म्हणजे मागणे आहे. ज्ञानदेव दुष्टांचा दुष्टपणा जावो असे मागतात. तो गेला आहे किंवा उद्या जाईल असे सांगत नाहीत. आणि हे मागणे ग्रंथाच्या आरंभी येत नाही; सुमारे नऊ हजार ओव्यांचा वाग्यज्ञ पार पडल्यावर, तो विश्वात्मक देवाला अर्पण करून मग येते. रामदासांची करुणाष्टकेही मागण्याचीच. ज्या भाषेची उमेद शतकानुशतके याचनेच्या रूपांतून बोलत आली, त्या भाषेच्या समीक्षेला उमेद उथळ वाटावी, हे थोडे विचित्र आहे.

आता एक जवळचे उदाहरण. मुंबईत १९८४ साली 'रॉक मशीन' नावाचा बँड निघाला. इंग्रजी रॉक, पण दुसऱ्यांची गाणी वाजवण्यावर न थांबता स्वतःची गाणी रचणारा. १९९३ मध्ये त्याने 'इंडस क्रीड' हे नाव घेतले. धोबी तलावाजवळचे रंगभवन हे खुले नाट्यगृह त्या काळी या संगीताचे माहेरघर होते. १९८६ साली सुरू झालेल्या 'इंडिपेन्डन्स रॉक'चे कार्यक्रम अनेक वर्षे तेथे झाले. पश्चिम रेल्वेवरची पोरे शेवटच्या लोकलचा हिशेब मनात ठेवून तेथे जात. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे रंगभवनातील असे कार्यक्रम थांबले. बँड त्याआधीच, १९९७ मध्ये, विसर्जित झाला होता. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले. २०१० मध्ये बेनेगल, महेश तिनईकर आणि झुबिन बालापोरिया यांनी नव्या साथीदारांसह बँड पुन्हा उभा केला आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम काढला.

या पुनरागमनाला ग्रॅमी नव्हते आणि त्याची वाट पाहणारे जग नव्हते. ज्या रंगमंचावर नाव झाले तो रंगमंचही उरला नव्हता. जुन्या गाण्यांच्या मैफिली लावून स्मरणरंजनावर गुजराण करता आली असती. श्रोते चाळिशीला आलेले, तेही खूश झाले असते. त्यांनी नवी गाणी रचली आणि अल्बमला नाव दिले ते 'उत्क्रांत हो' अशा अर्थाचे. मधली तेरा वर्षे पुसून टाकायची नाहीत, ती वाजवण्यात दिसू द्यायची, असा त्या नावाचा अर्थ आम्ही लावतो. परत येणारा माणूस गेला होता तसाच परत आला, तर तो आला की त्याचे छायाचित्र आले, असा प्रश्न पडतो. पुनरागमनाच्या गाण्यात मधल्या काळाची किंमत ऐकू यावी, ही आमची अपेक्षा 'हिशेबा'च्या निकषाचाच भाग आहे.

या सगळ्यावर आक्षेप आहेत, आणि ते कमी वजनाचे नाहीत.

पहिला आक्षेप धनाचा. अब्जावधींची तिकिटे विकणाऱ्यांनी खोली न मिळालेल्या माणसाचे गाणे गावे काय? याच बँडने २००६ मध्ये करांचा बोजा कमी पडावा म्हणून आपल्या व्यवसायाचा काही भाग आयर्लंडमधून नेदरलँड्समध्ये हलवला, आणि जगाच्या गरिबीविषयी बोलणाऱ्या गायकावर त्याबद्दल टीका झाली. टीका योग्यच होती. पण गाणाऱ्याचे हिशेब आणि गाण्यातला हिशेब या दोन वह्या आहेत. पहिल्या वहीतील खोट दाखवून दुसरी फाडता येत नाही, हे आपण कवींच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे; गायकांच्या बाबतीतही करावे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. उमेदीची गाणी वापरली जातात. 'ब्यूटिफुल डे' ब्रिटिश दूरचित्रवाणीवर फुटबॉलच्या कार्यक्रमाचे शीर्षकगीत झाले. २००४ च्या अमेरिकी निवडणुकीत जॉन केरी यांच्या प्रचारसभांत वाजले. 'कणा'चीही गत वेगळी नाही. निरोप समारंभ, बक्षीस समारंभ, व्यक्तिमत्त्व विकासाची शिबिरे, सर्वत्र तिचा शेवट तेवढा ठणकावून म्हटला जातो. नदीने काय नेले हे मध्येच उरकून टाकले जाते. व्यासपीठावरून तो शेवट ऐकणाऱ्याला वाटावे की सरच मुलाला हुकूम सोडत आहेत. कवितेत मागणारा मुलगा आहे, हे विसरले की मागण्याचा हुकूम होतो. हा दोष रचनेचा मानावा की वापरणाऱ्याचा? आम्ही वापरणाऱ्याचा मानतो. मात्र शिक्षक या नात्याने त्या वापरणाऱ्यांत आम्हीही आहोत, हे नमूद करणे प्राप्त आहे. कित्येक वर्षे आम्हीही तो शेवट मुठी आवळून शिकवला.

लादलेल्या भेटीचे उदाहरण तर 'यू टू'नेच पुरवले. सप्टेंबर २०१४ मध्ये त्यांचा नवा अल्बम ॲपल कंपनीने कोट्यवधी ग्राहकांच्या संग्रहात न विचारता, फुकट टाकून दिला. लोक खवळले, तो काढून टाकण्यासाठी कंपनीला वेगळी सोय करावी लागली आणि पुढे गायक बोनोने चूक कबूल केली. चौदा वर्षांपूर्वी हात पसरून गाणारा बँड तोच होता. फरक एवढाच, की या वेळी त्याने दार वाजवले नाही.

तिसरा आक्षेप आमच्या काही सहकाऱ्यांचा: मराठीच्या अभ्यासकांनी इंग्रजी रॉकची उठाठेव कशाला करावी? १५ डिसेंबर २०१९ रोजी 'यू टू'ने भारतातील आपला पहिला कार्यक्रम नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर केला. तेथे दादरला आणि कुर्ल्याला गाडी बदलत गेलेल्यांत वसईचे लोकही होते, आणि परतीच्या प्रवासात ते मराठीतच बोलत होते. आमच्या विद्यार्थ्यांच्या कानांत जे वाजते त्याच्याशी बोलण्याची भाषा त्यांना मराठीत मिळाली नाही, तर ते त्याविषयी इंग्रजीत बोलतील किंवा बोलणारच नाहीत. दोन्हींत तोटा मराठीचा. त्या कार्यक्रमानंतर जेमतेम तीन महिन्यांत टाळेबंदी आली आणि हजारोंच्या गर्दीत गाणे ही गोष्टच काही काळ जगातून गेली, हेही येथे आठवते.

अखेरीस पुन्हा त्या पक्ष्याकडे. उत्पत्तीच्या पुस्तकातील ही गोष्ट नीट वाचली तर नोहा कबुतराला एकदा नव्हे, तीनदा सोडतो. पहिल्या खेपेस त्याला पाय टेकायला जागा मिळत नाही आणि ते रिकाम्या चोचीने परत येते. नोहा हात पुढे करून त्याला आत घेतो, सात दिवस थांबतो आणि पुन्हा सोडतो. पान येते ते दुसऱ्या खेपेस. गाण्यात आणि चित्रांत आपण पानवाले कबुतर घेतो. रिकाम्या चोचीचे कोणी घेत नाही. पण पानाला अर्थ आहे तो आधीच्या रिकाम्या फेरीमुळे. ऑस्लोच्या लिंबात अडकलेला बँड आणि रंगभवन गमावलेला बँड, दोघांचीही ती पहिली खेप आम्हांस त्यांच्या दुसऱ्या खेपेइतकीच महत्त्वाची वाटते.

गच्चीवर वाळवलेल्या आमच्या पुस्तकांपैकी निम्मी वाचली. त्यांत बी.ए.च्या वर्गात वापरलेली कुसुमाग्रजांच्या कवितांची एक प्रत आहे. पाने फुगली आहेत आणि तळाशी मातकट रेघ उमटली आहे. यंदा 'कणा' शिकवताना आम्ही ती प्रत वर्गात नेली आणि विद्यार्थ्यांना शेवट पाठ म्हणायला सांगण्याऐवजी नदीने नेलेल्या वस्तूंची यादी फळ्यावर लिहायला सांगितली. मग विचारले, एवढे गेल्यावर हा मुलगा मागतो काय, आणि जे मागत नाही ते का मागत नाही? तास संपला तरी चर्चा चालू होती. आमच्या अध्यापक मित्रांनीही हा प्रयोग करून पाहावा, अशी आमची विनंती आहे.